मोठ्यानं म्हण

आमची शाळा घरातच होती, असं सांगितलं की लोक लगेच विचारतात, वडील कुणी मोठे विचारवंत होते का? कसले विचारवंत! उदगीरच्या मोंढ्यात अप्पांचं लहानसं आडत दुकान होतं आणि ज्वारी-तुरीच्या भावापलीकडं त्यांना कशाशीच देणंघेणं नव्हतं. शाळा अव्वाची. अव्वा म्हणजे आमची आई. तिचं माहेर कर्नाटकाच्या हद्दीवरचं, शिक्षण सातवीपर्यंत. अर्धं कानडीत, अर्धं मराठीत, आणि दोन्ही भाषांत ती सारखंच कमी बोलायची.

विद्यार्थी दोन. माझी थोरली बहीण अक्का, आणि मी.

तिसराही होता, खरं तर पहिला. माझा थोरला भाऊ. मी जन्मायच्या आधी, मोठ्या दुष्काळात गेला. आमच्या परसाच्या भिंतीला लागूनच सरकारी शाळा होती, तिथं तो चौथीत होता. शाळेतल्या रांजणाचं पाणी आटलं की गुरुजी जरा थोराड पोरांच्या हातात घागर देऊन त्यांना गावाबाहेरच्या विहिरीवर पाठवायचे. त्या काळात सगळीकडं तसंच चालायचं, कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. पाणी तळाला गेलेलं, पायऱ्या शेवाळलेल्या. त्याचा पाय घसरला. आमच्या लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात. अव्वा एकदाच कधीतरी म्हणाली होती, "बसवलाय त्याला. साळंत बसल्यावानी."

त्यानंतर अव्वानं सांगून टाकलं की माझी लेकरं शाळेत जायची न्हाईत. एकदाच सांगितलं. पावणेरावळे आले, समजावून गेले, मागं म्हणाले की बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. अप्पा दोन दिवस चिडले आणि मग दुकानात गेले. अव्वाशी भांडून उपयोग नसायचा. भिंतीशी भांडावं तर निदान भिंतीची माती तरी पडते.

सकाळी अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून अव्वा पूजेला बसायची. गळ्यातलं लिंग डाव्या हातावर घेऊन त्याच्याकडं बघत राहायची. तिच्या पाठीमागं तरटावर आम्ही दोघी. आमचा वर्ग तिथूनच सुरू व्हायचा आणि त्याला नियम एकच होता. मोठ्यानं म्हण. पाढे मोठ्यानं, कविता मोठ्यानं, वाचन मोठ्यानं. एवढंच नाही, लिहायचं तेसुद्धा मोठ्यानं. पाटीवर 'कमळ' काढायचं तर क म्हणत क, म म्हणत म, ळ म्हणत ळ. गणित मांडताना हातचा आला की 'हातचा एक' असं ओरडून सांगायचं. कारण अव्वा आमच्याकडं बघायचीच नाही. पूजा झाली की चूल, चुलीनंतर भाकरी, भाकरीनंतर दुकानातनं आलेली ज्वारी सुपात घेऊन निवडणं. पाठ कायम आमच्याकडं. तपासणी कानानं.

"चुकलीस. परत."

बस्स, एवढंच. शाबासकी नाही, मारही नाही. अक्का एका कोपऱ्यात भूगोल म्हणायची, मी दुसऱ्या कोपऱ्यात तेराचा पाढा, आणि अव्वा दोन्हींतली चूक वेगवेगळी उचलायची. चेहऱ्यावर मात्र काही नाही. राग नाही, हसू नाही. मला वाटायचं आयांचे चेहरे असेच असतात. शेजारची काकू पदर तोंडाला लावून खदाखदा हसायची, तेव्हा मी अक्काला विचारलं होतं की हिला काय झालंय, बरं न्हाई का?

आमचा आवाज भिंतीपलीकडं जायचा आणि शाळेतली पोरं चाळे करायची. आम्ही 'बे एके' सुरू केलं की तिकडनं बेडकांचं डराव डराव. अक्का तेव्हा आणखी मोठ्यानं म्हणायची. तिचा आवाज काय सांगू! पितळी घागरीवर कुणी ठोकल्यासारखा खणखणीत. माझा चिरका. अजूनही तसाच आहे, माझ्या नवऱ्याला विचारा.

एकदा मी शेजारी ताक आणायला गेले होते. अक्काला कणकण होती आणि धडा म्हणता म्हणता ती तरटावरच झोपली. मी ताकाचा तांब्या घेऊन दारात आले तर अव्वा पिठाच्या हातानं अक्काला गदागदा हलवत होती. अक्का रडत उठली. अव्वानं तिला मारलं नाही, जवळही घेतलं नाही. तिच्या दोन्ही दंडांवर पिठाची बोटं उमटली होती. अव्वा परत चुलीपुढं गेली आणि पाठ करून म्हणाली, "म्हण." अक्का हुंदके देत देत धडा म्हणायला लागली. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. आमच्या घरात असंच असतं, एवढंच कळत होतं.

मग लातूर जिल्हा झाला. इतकी वर्षं उस्मानाबादचं नाव लावत होतो, ते सुटलं. मोंढ्यात फटाके उडाले, अप्पा पेढे घेऊन आले. पावसानं त्या साली पण ओढच दिली होती, गल्लीत टँकर यायचा. अव्वानं पेढा हातात घेतला आणि विचारलं, "आता पाणी यील का?"

"जिल्हा झालाय गं बाई," अप्पा म्हणाले, "नदी न्हाई झाली."

पाणी आलं नाही, पण भिंतीपलीकडच्या शाळेत सकाळच्या वेळी मुलींचा पाचवीपासूनचा वर्ग सुरू झाला आणि नव्या मोठ्या बाई आल्या. त्यांनी भिंतीवरून अक्काचा आवाज ऐकला. एक दिवस छत्री मिटत सरळ आमच्या दारात. "ही मुलगी कोणत्या शाळेत आहे?" अक्का म्हणाली, "ह्याच." बाईंनी आमचं तरट बघितलं, पाटी बघितली, अव्वाची पाठ बघितली. म्हणाल्या, प्रवेशाची परीक्षा घेते, पास झाली तर पाचवीत बसवते.

अक्काला शाळेचं वेड लागलेलंच होतं. परसातल्या दगडावर चढून ती मुलींच्या लाल रिबिनी बघत बसायची. आता तर तिनं जेवणच सोडलं. वर आणखी एक होतं. कंधारच्या आत्यानं आपल्या पोरासाठी अक्काला आधीच मागून ठेवलं होतं, आणि अप्पा अधूनमधून म्हणायचे, "पोरगी घरातच बसायची तर आपल्या घरात काय न् तिच्या घरात काय." अक्काला हे सगळं समजत होतं. अकरा वर्षांची पोर, पण मोठ्या बाईसारखी हिशेब करायला लागली होती.

अव्वानं आठवडाभर उत्तर दिलं नाही. मग एका सकाळी लिंग परत गळ्यात बांधता बांधता बोलली. "दे परीक्षा. न्हाई झाली तर परत साळंचं नाव काढायचं न्हाई." अक्कानं मान हलवली. "मोठ्यानं," अव्वा म्हणाली. "हाव!" अक्का ओरडली.

परीक्षेच्या दिवशी अप्पा तिला पोचवून दुकानात गेले. अव्वा सूप घेऊन परसात बसली. एरवी ती ज्वारी पुढच्या खोलीत निवडायची, परसातल्या त्या भिंतीकडं जायचीसुद्धा नाही. मी तिच्याजवळ बसले. वर्गाची खिडकी आमच्याच बाजूला होती.

घंटा झाली आणि थोड्याच वेळात अक्काचा आवाज आला. खणखणीत. "प्रश्न पहिला. रिकाम्या जागा भरा." मग जागा भरायला लागली. म्हणत म्हणत, लिहीत लिहीत, घरच्यासारखी. मला तर ते बरोबरच वाटलं. अव्वाची बोटं सुपात चालली होती. आम्हा तिघींतल्या एकीलाही ठाऊक नव्हतं की परीक्षेत तोंड मिटून बसायचं असतं. ठाऊक असणार कुठनं?

पोरींचं हसणं ऐकू आलं. मग एका बाईंचा आवाज, "ए पोरी! कुणाला सांगायलीस उत्तरं? तोंड बंद!"

अक्का थांबली. जरा वेळानं पुन्हा हळू आवाजात सुरू झाली. त्याच बाई कडाडल्या, "सांगितलं ना एकदा! आण इकडं तो पेपर!"

मग काहीच नाही.

अव्वाची बोटं थांबली. ती भिंतीकडं बघत राहिली. मग उठली, हातात सूप तसंच, आणि गल्लीला वळसा घालून निघाली. मी पळतच मागं. ती शाळेच्या फाटकातनं आत शिरली तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली, कारण अव्वा तिथं कधीच जात नव्हती. उंबऱ्याबाहेर तिनं चपला काढल्या, देवळात काढतात तशा.

अक्का भिंतीकडं तोंड करून उभी होती. पेपर टेबलावर.

"तिला बोलू द्या," अव्वा म्हणाली.

"अहो, परीक्षा चालू आहे. ही सगळ्या वर्गाला उत्तरं सांगायलीय."

"तिला मुक्यानं लिव्हता येत न्हाई. मीच तसं शिकवलंय."

"मग चुकीचं शिकवलंय तुम्ही."

"हाव," अव्वा म्हणाली.

आवाज ऐकून मोठ्या बाई आल्या. त्यांनी अव्वाकडं बघितलं, हातातल्या सुपाकडं बघितलं, आणि शिपायाला व्हरांड्यात तरट टाकायला सांगितलं. अक्काला एकटीला तिथं बसवलं. पण अक्काची दातखीळ बसली होती. पेन हातात, डोळ्यांतनं धारा. पास नाही झाली तर काय, हे तिला पक्कं माहीत होतं. मलाही.

अव्वा व्हरांड्याच्या पायरीवर बसली, अक्काकडं पाठ करून. सूप मांडीवर घेतलं आणि निवडायला लागली.

"म्हण," ती म्हणाली.

आणि अक्का म्हणायला लागली.

परत येताना गल्लीच्या वळणावर अव्वा थांबली. कुणी काही विचारलं नव्हतं. "त्या दिशीबी मी जोंधळेच निवडायले होते," ती आम्हाला म्हणाली, भाव सांगावा तशा आवाजात. "साळंत पाढे चालू होते. मला वाटलं, हाय की पोरगं त्यात. निवांत बसले. त्यो तर कवाच पाण्याला गेलता. एवढ्या आवाजांत एक कमी हाय, हे मला कळलं न्हाई." एवढं बोलून ती चालायला लागली. मला रडू यायला पाहिजे होतं, आलं नाही. घरी जाऊन मी दोन भाकरी खाल्ल्या. अक्का मात्र जेवताना अव्वाच्या पाठीकडं बघत होती.

अक्का पास झाली. अप्पांनी कंधारला सांगावा धाडला की एवढ्यात सोयरिकीचं नाव नको. शाळा सुरू झाली त्या दिवशी अक्कानं लाल रिबिनी बांधल्या. अव्वानं तिला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली. "तिथं मोठ्यानं म्हणायचं न्हाई. बाई सांगतील तसं."

अक्का गेली आणि अव्वा सूप घेऊन परसात. मला म्हणाली, "तुझा पाढा नको आता. गप." जन्मात पहिल्यांदा मला घरात गप बसायला सांगितलं होतं! मी गप बसले, ते मला फार जड गेलं.

वर्गात पाढे सुरू झाले. पन्नासेक पोरी एका सुरात. अव्वा भिंतीजवळ उभी राहिली, मान तिरकी करून. मीही कान दिला. अक्काचा आवाज मी झोपेतसुद्धा ओळखला असता, पण त्या गलक्यात मला तो सापडेना. अव्वालाही सापडत नव्हता. सुपातली ज्वारी एका बाजूनं सांडत होती आणि तिला त्याचं भान नव्हतं. मला तिचा राग आला. मग तिची भीती वाटली. मग वाटलं की आता ही परत सूप घेऊन निघणार आणि अक्काला हाताला धरून घरी आणणार, कायमची.

"एकोणीस दाहे एकशे नव्वद!" वर्ग ओरडला आणि थांबला.

वर्ग थांबल्यावर एक आवाज मागं राहिला. एकटाच, खणखणीत. "एकोणीस दाहे एकशे नव्वद."

पोरी हसल्या. पट्टीचा सपकारा ऐकू आला.

"हाय," अव्वा म्हणाली आणि खाली बसली. सांडलेली ज्वारी गोळा करायला लागली.

दुपारी अक्का घरी आली. तळहात लाल. अव्वानं तिचा हात आपल्या डाव्या हातावर घेतला, रोज लिंग घेते तसा, आणि त्याला खोबरेल लावलं.

"सगळ्यांसंगं म्हणायचं असतंय. मागं राहू नको उद्या."

"न्हाई राहत," अक्का म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी परसात बसलो. पाढा संपला, वर्ग थांबला, आणि तो आवाज पुन्हा मागं राहिला.