टिकली नसलेलं कार्ड

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर निघाली नाही. दारू पिऊनही नाही. पोराले सांगितली नाही, सोयऱ्यायले नाही, आणि जिले सांगायले पाहिजे होती तिले तर नाहीच. ती आता राहिली नाही. म्हणून तुम्हाले सांगतो. तुम्ही माझे कोण? कोणी नाही. म्हणूनच जमते.

मी आर्णीचा. लग्नाचे फोटो काढण्यात जिंदगी गेली. आता हात थरथरतो, एका डोळ्यानं धुकट दिसते, म्हणून धंदा सोडला. पण नवे पोरं अजून घरी येतात. काका, कोणता कॅमेरा घेऊ? मी सांगतो — आणि बरोबर सांगतो. दोन मेमरी कार्डं बसतात तोच घे, म्हणजे एकच फोटो दोन्हीवर उतरते. लांबलचक लेन्सच्या नादी लागू नको, मांडवात मागं सरकायले जागा कुठं असते? आखूड घे, कमी उजेडात चालणारी घे. लेन्स भाड्यानं भेटते बाबा, गेलेलं लग्न भाड्यानं भेटत नाही.

मंग एखादा विचारतेच, काका, दोन-दोन कार्डं कायले? तवा मी किस्सा सांगतो. माझ्या बायकोनं एका पोरीचं लग्न कसं पुसून टाकलं, तो किस्सा. पोरं हसतात. मीही हसतो. किती वर्षं हसलो?

त्या किश्शाचंच बोलायचं आहे. पण थांबा — आधी लेन्सचं सांगू द्या, नाहीतर पुढचं समजणार नाही.

डिजिटल आलं तवा माझ्यापाशी दोन कॅमेरे होते आणि बरीच कार्डं. चांगलं चाललं होतं. मंग मी यवतमाळले एका लग्नात दुसऱ्या फोटोवाल्याच्या गळ्यात ती लेन्स पाहिली. पांढरी, हातभर लांब. लोक नवरदेवाले सोडून त्याच्याकडं पाहून राह्यले होते. माझं डोकं फिरलं. दुसरा कॅमेरा विकला, त्याच्यासंगं अर्धी कार्डंही देऊन टाकली, आणि तशीच लेन्स आणली.

कुसुम — माझी बायको — दारातच म्हणाली, “काय जी, चंद्रावरचं लगन धरलं का?”

मी म्हटलं, तुले काय समजते त्यातलं.

“लेन्सीतलं नाही समजत. पण कार्डं किती उरले ते समजते. एक लगन उतरवून होत नाही तर दुसऱ्या लग्नाले कायवर काढसान? तळहातावर?”

तिले सगळं समजत होतं. शाळेत ती माझ्यापेक्षा पुढं शिकलेली. कॉम्प्युटर घरात आला तवा मी त्याले हात लावायले भ्यायचो. ती शेजारच्या पोरीपाशी बसून शिकली. मी फोटो काढून आणायचो, ती कार्ड लावून उतरवून घ्यायची, एकेक फोटो उघडून पाहायची, आणि सगळे आले अशी खात्री झाली की त्या कार्डावर आपल्या पाकिटातली एक बारीक टिकली लावायची. लाल टिकली. टिकली असली म्हणजे कार्ड खाली करायले मोकळं. नसली म्हणजे हात लावायचा नाही. पुसताना मी टिकली काढून टाकायची. असा आमचा कायदा. हा कायदा तिनं केला होता आणि तो कधी चुकला नव्हता.

कधीच नव्हता.

ज्योत्स्नाचं — त्या किश्शातल्या पोरीचं — लग्न आर्णीजवळच्याच खेड्यात होतं. बौद्ध घरचं लग्न, नवरी पांढऱ्या साडीत. पांढऱ्या साडीचे फोटो अवघड असतात. कॅमेरा पांढऱ्याले भेते, बाकी सगळं काळवंडून टाकते. त्याले दामटून उजेड वाढवून घ्यावा लागते. तिचा बाप लई दिवसाचा बिमार होता. त्याले प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचलून मांडवात आणलं. वंदना झाली, हार झाले, आणि त्यानं मले हातानं बोलावलं.

“फोटोवाले भाऊ, एक माह्या लेकीसंगं घ्या. चांगला घेजा. तिच्या दुसऱ्या लग्नाले मी काही येत नाही.”

सगळे हसले. ज्योत्स्नानं त्याच्या खांद्यावर चापट मारली, “काय बोलता बाबा!” आणि तशीच खाली बसली, त्याच्या गुडघ्याले टेकून. मांडवाच्या कापडातून उजेड गाळून येत होता. फ्लॅश मारला नाही. ती लांबडी लेन्सही काढून ठेवली, जुनी आखूडच लावली. बापानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि कॅमेऱ्याकडं न पाहता तिच्याकडं पाहिलं. मी मागच्या छोट्या पडद्यावर पाहिलं — इतक्या वर्षांत तसा फोटो माझ्या हातून उतरला नव्हता.

तो फोटो जगात मी एकट्यानं पाहिला. माझ्यानंतर कोणीच नाही.

त्या सांजेले मी घरी आलो, कार्डं कुसुमजवळ दिली. ती उतरवू लागली आणि मधातच लाईट गेली. तवा लाईट जायचीच. तिनं उतरवलेल्या कार्डायले मेणबत्तीच्या उजेडात टिकल्या लावल्या, राहिलेलं कार्ड तसंच ठेवलं, आणि सगळी एका स्टीलच्या डबीत घातली. सकाळी ती दळण आणायले गेली. मले दुसऱ्या लग्नाले निघायचं होतं, आर्णीतच, मोठ्या घरचं. मी अख्खी डबी उचलली. कार्डं कमी होती ना. काहून कमी होती, ते तुम्ही जाणता.

दुपारी नवरदेवाचा घोडा मांडवाच्या दारात आला. बँड, फटाके, नवरदेवाचे दोस्त नाचून राह्यलेले, आणि मी गळ्यात लांबडी लेन्स अडकवून मधात. तेवढ्यात कार्ड भरलं. डबी उघडली. टिकलीवाली सगळी वापरून झाली होती. एकच उरलं होतं. मी ते बोटात धरलं. उलटं करून पाहिलं, सुलटं करून पाहिलं.

टिकली नव्हती.

मले दिसलं. तवा माझे डोळे चांगले होते. मले हेही माहीत होतं की काल लाईट गेलती. दुसरं काय करता आलं असतं? कॅमेऱ्यातले आधीचे फालतू फोटो पुसून जागा करता आली असती. यजमानाले सांगता आलं असतं, भाऊ, जरा घोडा थांबवा, एखादा पोरगा बाजारातून कार्ड आणते. पण नवरदेवाचा बाप माझ्याकडं पाहून राह्यला होता, माझ्या लेन्सीकडं पाहून राह्यला होता, आणि एवढ्या मोठ्या लेन्सीचा माणूस घोडा थांबवून कार्ड मागते? मी मनाशी म्हटलं, टिकली पडली असन. मले माहीत होतं ती पडली नाही. तरी म्हटलं. आणि कार्ड घालून, पुसून, त्याच्यावर घोड्याचे फोटो काढले.

एवढंच असतं तर मी कधीच सांगून मोकळा झालो असतो. चूक माणसाच्या हातून होते. पण मी जे लपवून राह्यलो ते हे नाही. ते याच्या पुढचं आहे.

घरी आलो. कुसुम कॉम्प्युटर चालू करूनच बसलेली. म्हणाली, “आणा जी, कालचं एक राह्यलं आहे. ज्योत्स्नाच्या बापाचे फोटो त्यातच असतीन.”

माझ्या मनात पहिलं काय आलं, सांगू? त्या पोरीचा विचार नाही आला. आजारी बापाचाही नाही. हे आलं, की आता ही म्हणीन — मी म्हटलं नव्हतं का, कार्डं कमी पडतीन म्हणून? तेवढं एक वाक्य मले ऐकायचं नव्हतं. ती म्हणालीही नसती कदाचित. तशी नव्हती ती.

मी म्हटलं, “कोणतं राह्यलं? सगळ्यायले टिकल्या होत्या.”

ती माझ्याकडं पाहत राहिली. “त्याले मी नाही लावली.”

“होती. मी माझ्या हातानं काढून फेकली.”

तिनं टिकल्यांचं पाकीट उघडून पाहिलं. मंग आपणच म्हणाली, हळूच, “अंधारात लावल्या गेली असन माह्या हातून.”

कारणही तिनंच शोधून दिलं मले. मी फक्त मान हलवली.

ते कार्ड यवतमाळले एका दुकानात नेलं. पुसलेले फोटो ते काढून देत. शेवटचे थोडे निघाले. स्टेजवर पाकीट देणारे पाहुणे, आइस्क्रीम खाणारे पोट्टे. आधीचे सगळे घोड्याच्या फोटोखाली गेले होते.

ज्योत्स्नाच्या माहेरी कुसुम स्वतःहून आली. मी म्हटलं होतं, मी एकटा जातो. म्हणाली, हात माझा, तोंड तुमचं काहून? तिथं अंगणात ती हात जोडून उभी राहिली आणि माझ्या हातून झालं म्हणाली. ज्योत्स्नाच्या मायनं तिले नाही नाही ते ऐकवलं. मी गाडीच्या बाजूले उभा होतो. बाप खाटेवरून म्हणाला, जाऊ दे, बाईचा जीव जाईन अशानं. वर्ष निघालं नाही, आणि तो माणूस गेला.

गावात गोष्ट पसरलीच. फोटोवाल्यायच्या चहाच्या टपरीवर लोक म्हणत, वहिनीले लग्नात नका आणू बाप्पा, नवरा-नवरीच पुसून टाकीन. कुसुम समोर असली तरी म्हणत. ती हसायची. मी त्यांच्यासंगं हसायचो, आणि मंग मीच तो किस्सा रंगवून सांगू लागलो. दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा आपल्या तोंडून सांगितलेलं बरं पडते, कोणी खोदून विचारत नाही. कुसुम कॉम्प्युटरवरून उठली ती पुन्हा बसली नाही. मी पगारी माणूस ठेवला. पण खरं नुकसान ते नव्हतं. खरं नुकसान घरात दिसायचं, रोज, आणि फक्त मलेच दिसायचं. तिचा आपल्या हातावरचा भरोसा उठला. भाजीत मीठ टाकायची आणि विचारायची, टाकलं का जी मी? कुलूप लावायची, रस्त्यावर जायची, परत यायची, कुलूप ओढून पाहायची. पोराच्या लग्नात अक्षता वाटतानाही दोनदा विचारलं तिनं, मी वाटल्या ना? एवढी चोख बाई. डोकं ठिकाणावर होतं तिचं, शेवटपर्यंत. आणि मी म्हणायचो, टाकलं, लावलं, वाटल्या — जसा काही लई सांभाळून घेणारा नवरा.

शेवटी शेवटी यवतमाळले दवाखान्यात होती. गोळी हातात घेऊन विचारायची, ही घेतली का मी? मी सांगेपर्यंत तोंडात टाकायची नाही. माझ्यावर तिचा पूर्ण भरोसा होता. ऐकून राह्यले ना? माझ्यावर.

एक दिवस दुपारी म्हणाली, “त्या ज्योत्स्नाले एक डाव भेटून येऊ जी, बरी झाली की. तिच्या बापाचा फोटो माह्या हातानं गेला. मले ते जात नाही मनातून.”

बाजूच्या खाटेचे लोक जेवायले खाली गेलते. आम्ही दोघंच होतो. उशीर झाला नव्हता. ऐकू येत होतं तिले, समजत होतं. तीन शब्द पुरले असते — तू नाही, मी. मी चादर ओढून दिली आणि म्हटलं, झोप तू.

त्या आठवड्यातच गेली.

तेरवी झाल्यावर ज्योत्स्ना आली, महागाववरून, नवऱ्यासंगं गाडीवर. तिले कोणी सांगितलं कोण जाणे. मी चहा ठेवला. आता चहा मीच करतो, धड जमत नाही. ती कुसुमच्या फोटोपुढं बसली, डोकं टेकवलं, आणि फोटोशी बोलली, जसं माणसाशी बोलतात तसं.

“काकू, तुमच्या हातून झालं ते झालं. मी कवाच सोडून देलं. तुम्ही मनात घेऊन जासान असं वाटलं असतं तर आधीच आली असती मी.”

मी तिच्या मागं उभा होतो, कप हातात घेऊन. ती वळली, डोळे पुसले, आणि माझ्याकडं पाहिलं. काही बोलायचं आहे का, असं पाहिलं. तिनं कप घेतला, एक घोट पिली.

मी विचारलं, “साखर कमी तर नाही ना झाली, बाई?”

ती म्हणाली, “बरोबर आहे काका.”

मी बिस्किटं आणायले आत गेलो.