आंबटाआड दडलेली पहिली धार

विवेक ग्रंथांच्या सहवासात वाढतो, अशी आपली एक सोयीस्कर समजूत आहे. वास्तविक त्या शब्दाचा मूळ अर्थ अगदी साधा आहे: मिसळलेले वेगळे करणे. हे काम बुद्धीच्या कितीतरी आधी नाक आणि जीभ करीत असतात. दूध नासले, हे कोणी तर्काने ठरवीत नाही. परंतु नाकाला कळलेले मुखाने उच्चारणे ही मात्र विवेकाची पुढची पायरी आहे. आणि ऐकणाऱ्यांना ते ऐकावयाचे नसते, उच्चारणाऱ्याचेच घर त्या उच्चाराने विस्कटणार असते, तेव्हा ती फार उंच वाटते. ती चढलेली एक स्त्री मी पाहिली. तिचे नाव ओदिलिया. वाहाकाच्या डोंगरात, आमच्याच गावात, ती नवऱ्याबरोबर मक्याचे शेत करी.

आमच्याकडे सोयरीक आंबटावर ठरते. मुलाकडच्यांनी आपल्या भट्टीच्या मेस्कालचा, म्हणजे घायपाताच्या दारूचा, घडा आणायचा आणि मुलीच्या आईने आपल्या अंगणात, सर्वांसमक्ष, त्याचे आंबट घुसळायचे: लिंबाचा रस, घायपाताचा काकवीसारखा दाट पाक, अंड्यातले पांढरे, आणि वर निखाऱ्यावर धरलेली संत्र्याची साल. लाकडी रवी दोन्ही तळहातांत फिरवून फेस आणला, की पहिली वाटी मुलाकडच्या ज्येष्ठाच्या हाती द्यायची. त्याने ती रिकामी करून पालथी घातली म्हणजे शब्द पक्का झाला. घुसळणारीने आधी चव घ्यायची नाही. आलेल्या घड्याची परीक्षा घेणे म्हणजे आणणाऱ्याच्या घराण्याची परीक्षा घेणे. आणि घडा नाकारणे म्हणजे मुलगा नाकारणे.

ओदिलियाची मुलगी नेरेइदा एलियसेरसाठी थांबून राहिली होती. त्याच्यापायी तिने चांगली चालून आलेली स्थळे परत पाठवली होती, गावाची कुजबुज सोसली होती. अखेर त्या दिवशी दुपारी एलियसेरचे आजोबा, उस्ताद फिदेन्सियो, स्वतः घडा घेऊन आले. त्यांच्या मातीच्या भट्टीतून उतरलेल्या मेस्कालपुढे पंचक्रोशीत दुसऱ्याचे नाव कोणी काढीत नसे.

ओदिलियाने घड्याचे तोंड सोडले, पसरट मडक्यात धार धरली, आणि तिचा हात मध्येच थांबला. खड्ड्यात तापल्या दगडांवर भाजलेल्या घायपाताचा धूर त्या मेस्कालात होताच. पण धुराखालून दुसराच एक वास वर येत होता. कोरडा, तीक्ष्ण, सुताराच्या रोगणासारखा. तिच्या माहेरी भट्टी होती. भट्टीवर प्रथम उतरते ती पहिली धार तोडायची, म्हणजे वेगळी काढायची असते. ती दुखऱ्या गुडघ्यांना चोळण्यापुरती, पोटात घेण्याची नव्हे. मागल्या हंगामात पलीकडच्या वाडीत एका लग्नात ती पाहुण्यांच्या पोटात गेली, आणि एका धडधाकट माणसाची दृष्टी गेली ती पुन्हा आली नाही.

लिंबू पिळले की हा वास बुडणार होता. पाक पडला की जिभेवरची जळजळही मिटणार होती. निव्वळ मेस्काल आपला दोष स्वतःच सांगते; आंबट मात्र गुणाइतक्याच प्रेमाने दोषालाही पोटाशी धरते. अंगणातल्या कोणालाच काही कळले नसते.

"हात का थांबला गं?" नवरा रुतिलियो जवळ येऊन पुटपुटला. "सगळे बघतायत."

"ह्यात पहिली धार आहे."

"हळू बोल! उस्तादांच्या भट्टीचं आहे ते."

"भट्टी कुणाची ते नाक विचारत नाही."

"आणि पोरीचं काय? घडा परत केलास तर ते पुन्हा ह्या दारात पाऊल टाकायचे नाहीत. कळतंय का तुला?"

"कळतंय."

समोरच्या बाकावरून एलियसेरचा बाप कास्तुलो ओरडला, "काय हो ओदिलियाताई, लिंबं पिळताय की झाड लावताय? इथं आमच्या घशाला भेगा पडल्या!"

पाहुणे हसले. नेरेइदा भोपळ्याच्या कोरीव वाट्या घेऊन आली. आईचा चेहरा पाहून तिच्या ओठांवरचे हसू ओसरले.

"आई, मोडता घालू नकोस," ती अगदी खालच्या स्वरात म्हणाली. "काहीही असलं तरी आज नको. तुझ्या पाया पडते."

ओदिलियाने मुलीकडे पाहिले. मग पदरासारख्या खांद्यावरून घेतलेल्या शालीला हात पुसले, घडा उचलला आणि ती सरळ फिदेन्सियोंपुढे जाऊन उभी राहिली.

"उस्ताद, हात पुढे करा."

म्हाताऱ्याने तिच्याकडे रोखून पाहिले आणि सावकाश तळहात पुढे केला. तिने त्यावर थेंब सांडले. त्याने तळवे एकमेकांवर चोळून नाकाशी नेले.

"छान आहे," तो म्हणाला.

"ऐकलंत?" कास्तुलो म्हणाला. "घ्या आता रवी हातात."

"पुन्हा बघा, उस्ताद."

"बास झालं!" कास्तुलो उठलाच. "माझ्या बापाची परीक्षा घेतेस? ज्याच्या हातचं पिऊन तुझी बारशी-लग्नं झाली, त्याची?"

"मग तुम्हीच बघा ना, भाऊ. हात आहेत की तुम्हालाही."

तिने त्याच्याही तळहातावर थेंब सांडले. रागाच्या भरात त्याने ते चोळले, नाकाशी नेले, आणि त्याच्या कपाळावर आठी उमटली. सर्वांनी ती पाहिली. क्षणभर वाटले, आता हा खरे बोलणार. पण त्याने बापाच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि हात खाली घेतला.

"मला त्यातलं काय कळतंय? बाबा छान म्हणाले, म्हणजे छान."

थोरांवरची श्रद्धा ही सद्गुणांत गणली जाते आणि ते यथार्थच आहे. पण तिच्या छायेत माणूस स्वतःच्या नाकालाही खोटे पाडतो, हे त्या अंगणात उघड दिसत होते. आणखी दोघांनी हात चोळले, वास घेतला आणि नजरा खाली वळवल्या.

ओदिलिया म्हाताऱ्यापुढे उकिडवी बसली. तिचा आवाज आता फक्त जवळच्यांना ऐकू येत होता.

"उस्ताद, कशाचा वास आला?"

"भाजल्या घायपाताचा."

"आला?"

फिदेन्सियो आपल्या तळहाताकडे पाहत राहिला.

"यायला हवा," तो म्हणाला. मग तळवे पुन्हा नाकाशी नेऊन, "नाही आला. मागं ताप आला होता, तेव्हापासून कशाचाच येत नाही. धुराचा नाही, ओल्या मातीचा नाही, म्हातारीच्या रश्शाचासुद्धा नाही. मोती बघून धार तोडत होतो."

हे मोती म्हणजे वेताच्या नळीतून वाटीत सोडलेल्या मेस्कालवर तरंगणारे बुडबुडे. आमचे सारे उस्ताद त्यांवरून दारूचे तेज, तिचा कडकपणा ओळखतात. परंतु पहिल्या धारेलाही तेजस्वी मोती सुटतात. तेज किती ते मोती सांगतात. शुद्धता फक्त नाकाला ठाऊक असते. आयुष्यभर दोन्ही साक्षी विचारणारा तो माणूस एकीवर विसंबला होता, आणि घरात कोणाला सांगण्याचे त्याला धैर्य झाले नव्हते.

"बाबा, घरी चला," कास्तुलो म्हणाला.

ते गेले. ओदिलियाने घडा कुंपणाबाहेर नेऊन रिता केला. परतली तेव्हा नेरेइदाने रवी भिंतीवर फेकून तिचे दोन तुकडे केले होते. त्यानंतर त्या घरात मायलेकींचे बोलणे बंद झाले, आणि रुतिलियोही बायको ताटात भाकरी टाकताना मान वर करीनासा झाला. गावातल्या बायका विहिरीवर म्हणत, "नाक होतं मोठं, पण पोरीचं नशीब कापून बसली." ओदिलिया पाणी भरून निघून जाई.

नव्या घायपाताचा खड्डा उघडण्याची वेळ आली, तेव्हा एका सकाळी फिदेन्सियो एकटाच दारात आला. डोक्यावरची टोपी त्याने हातात धरली होती.

"विहीणबाई आहेत का घरात?"

"मी अजून कुणाची विहीण झाले नाही," आतून उत्तर आले.

"माझ्यामुळंच झाला नाहीत. म्हणून तर आलो. भट्टीवर चला. हात माझे, नाक तुमचं."

ओदिलिया उंबऱ्यावर आली. "माझं कशाला? हिचं न्या. माझ्यापेक्षा तिखट आहे. फक्त रागानं चोंदलंय."

चुलीशी बसलेल्या नेरेइदाला हसू आवरले नाही. ते पुष्कळ दिवसांचे होते, म्हणून त्यात थोडे रडेही मिसळले.

त्या खेपेची पहिली धार नेरेइदाने तोडली, म्हातारा शेजारी बसून शिकवीत असताना. त्याच मेस्कालचा घडा पुन्हा ओदिलियाच्या अंगणात आला. तिने नव्या रवीने आंबट घुसळले, फिदेन्सियोंनी वाटी रिकामी करून पालथी घातली. दुसरी वाटी कास्तुलोची. त्याने ती आधी नाकाशी नेली, आणि मगच ओठांशी.

फिदेन्सियो पुढे काही वर्षांनी गेले. ओदिलियालाही जाऊन आता बराच काळ लोटला. ती भट्टी नेरेइदा चालवते, आणि आमच्या गावात घडा कोणाच्याही घरचा असो, घुसळण्याआधी त्यातले थेंब तळहातावर घेतले जातात.