आतून लावलेली कडी

सन २०२३. मला बहात्तरावं चालू होतं. शाळा दुसरीपुरती, पण बेंबळीत आमच्या घरच्या प्रार्थनेचा कारभार माझ्याच हातात. दर बुधवारी दिवेलागणीला पाच ख्रिस्ती घरं आमच्या मधल्या खोलीत जमायची. त्यातल्या एकाची रिक्षा तेवढा वेळ अंगणात उभी असायची.

धाराशिवहून पाळकसाहेब आले आन सांगून गेले, "आपल्याआपल्यात गाणी म्हणून भागत न्हाय. एकेक शेजारी निवडा, त्याच्या सुखदुःखाला जा." आम्ही भिंतीला भिंत असलेलाच निवडला. मी नेम घातला: चाळीस दिवस त्याच्यासाठी प्रार्थना, मगच त्याच्या दारात पाऊल.

बायको म्हणाली, "अवो, रोज त्याच्या म्हशीला पाणी पाजताना समोर दिसतुया त्यो. चा प्यायला बोलवा की. चाळीस दिवस कशाला, लग्न ठरवायचंय व्हय?"

"तुला काय कळतंय?"

दुसरा नेम जुना. प्रार्थनेत दाराला आतून कडी. आधी टवाळ माणसं दारात उभी राहून हसायची, तेव्हापासनं. आमेन होईस्तोवर कुणासाठीच उघडायची न्हाय.

एकतिसाव्या दिवशी बुधवार होता. ढोलकी थांबली आन मी शेजाऱ्याच्या घरादारासाठी मागायला लागलो, तेवढ्यात दार वाजलं. बायको उठली, तिला मी हातानंच बसवली. परत वाजलं, जोरात.

रिक्षावाला म्हणाला, "आबा, बघू का?"

"आमेन होऊ दे."

मी आवाज चढवला. वाजायचं थांबलं. खरं सांगतो, मला जिंकल्यागत वाटलं.

दार उघडलं तर समोरची म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी. "कान फुटले व्हते का रं तुमचे? ह्या शेजारच्याची बायको छातीत कळ येऊन पडली. तुमच्या अंगणात रिक्षा बघून पळत आला व्हता बिचारा."

शेवटी मोटारसायकलवर, दोघांच्या मधी धरून नेलं तिला. धाराशिव यायच्या आधीच ती गेली.

आमच्यातला एक म्हणाला, "देवाची मर्जी, आबा."

"कडी देवानं लावली न्हवती," मी म्हणालो.

बायकोनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आता दोन घरं यायची बंद झालीत. मी डोळे मिटतो, पण त्या माणसाचं नाव प्रार्थनेत घेता येत न्हाय.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या दारात गर्दी होती. गोठ्यात म्हैस कास तटतटून रेकत होती, तिच्याकडं कुणाचं ध्यान न्हवतं. मी बादली घेऊन गेलो, खाली बसलो. म्हशीनं पान्हा चोरला, लाथ झाडली. मी हट्टानं पुन्हा बसलो.

उंबऱ्यावरनं शेजारी बघत होता. म्हणाला, "राहू द्या आबा. तिला हिचाच हात लागतुया."

आन त्यानं तोंड फिरवलं. मी रिकामी बादली उचलली, आडावर गेलो आन म्हशीला पाणी आणून पाजलं.