आधी माझी झडती घ्या

आमच्या समोरच्या हवालदारबाईंइतकं कायद्यानं चालणारं माणूस अख्ख्या संभाजीनगरात शोधून सापडायचं नाही. घराची झडती घ्यायला जाणाऱ्या पोलिसानं आधी पंचांसमोर स्वतःची झडती द्यायची असते, म्हणजे त्यानंच काही आत नेऊन ठेवलं असं कुणी म्हणू नये. बाईंनी हा नियम शेजारीपाजारीही लावला होता. वाटीभर साखर मागायला आल्या तरी उंबऱ्यावर पर्स उघडून उभ्या. "वहिनी, आधी माझी झडती घ्या." मी लाजून नको म्हणायची, मग त्याच एकेक वस्तू काढून दाखवायच्या: शिट्टी, खोकल्याच्या गोळ्या, अर्धा पेरू. एकदा त्यांच्या घरात श्रीखंडाचा डबा रिकामा निघाला, तर दोन पंच बोलावून त्यांनी फ्रिजचा पंचनामा केला आणि नवऱ्याच्या मिशीला लागलेलं श्रीखंड मुद्देमाल म्हणून लिहून घेतलं. त्या गरीब माणसानं मुकाट्यानं सही केली.

मागच्या गल्लीतल्या म्हातारीला पुतण्यानं कोंडून ठेवलंय, हा संशयही त्यांनाच आला. तो सांगायचा, "काकू देवगाव रंगारीला गेली." पण गच्चीवर तिचं लुगडं दर दोन दिवसांनी वाळत असायचं. बाईंनी ठाण्यातल्या साहेबांच्या मागं लागून कोर्टाचं वॉरंट आणवलं. पंच म्हणून शिवणकाम करणारे चाचा आणि मी. पुतण्या दारात आडवा. "कशाची झडती? लई शहाण्या झाल्या का?" बाईंनी शांतपणे पर्स माझ्यापुढं धरली. शिट्टी, गोळ्या आणि त्या दिवशी चक्क एक गुंडाळलेलं धपाटं. चाचा म्हणाले, "बाई, ये झडती है या दावत?" पुतण्यालाही हसू फुटलं, आणि तेवढ्यात साहेब आत शिरले. मागच्या खोलीला बाहेरून कडी होती.

म्हातारी खाटेवर बसलेली. पुतण्याकडं बघत म्हणाली, "मला काय तरास नाय. मी मजेत हाय." ती हेच म्हणत राहिली असती तर आम्ही परत गेलो असतो आणि कडी पुन्हा लागली असती. बाईंनी सगळ्यांना बाहेर काढलं, मला तेवढं ठेवलं. विचारलं काहीच नाही. धपाटं तिच्या हातात दिलं आणि तिचे गुंतलेले केस विंचरत नवऱ्याच्या श्रीखंडाची सगळी केस सांगितली. म्हातारी तोंडातल्या घासासकट हसली. मग हळूच म्हणाली, "कडी लावून जातो, बाय. पाणी मागितलं तरी उघडीत नाय."

ती आता फर्दापूरला लेकीजवळ आहे. पण त्या दिवशी परतताना बाई जिन्यात थांबून म्हणाल्या, "वहिनी, चार महिने ती आत होती. मी रोज त्याच दारावरून ड्युटीला जात होते."

मीही त्याच दारावरून भाजी आणायला जायची. मी त्यांचा हात धरून उभी राहिले.