हाटकेशहून मुर्धा: अर्ध्या तासाचं काम, रात्रीचा मुक्काम

भाईंदरहून उत्तनच्या किनाऱ्यावर फिरायला जाणारे वाटेतल्या मुर्ध्यात थांबत नाहीत. मलाही थांबायचं नव्हतं. मी कामाला गेले होते.

आमच्या हाटकेशच्या गाळ्यात खोटे दागिने बनतात. मंगळसूत्राचे काळे मणी ओवायला मुर्ध्याच्या काकींकडे जातात. त्या आणि त्यांची सून ओवतात, त्यावर त्यांचं घर बरंचसं चालतं. सोमवारीच काकींचा फोन आला, मण्यांच्या सरी ओवून तयार आहेत, घेऊन जा. आणायचं काम मॅनेजरचं, हितेशभाईचं. स्कूटर त्याची, पेट्रोल शेठचं. तरी सोमवारी म्हणाला, "कल पक्का." मंगळवारी त्याला ऊन लागत होतं. बुधवारी स्कूटर धुवायला गेली. गुरुवारी काय झालं ते त्यालाच आठवत नाही.

शुक्रवारी दुपारी शेठ आला. "कल सुबह टेम्पो निकलेगा. माल नहीं आया तो ये काम मशीनवाले को. झंझट ही खतम."

झंझट खतम म्हणजे काकींचं काम खतम. हितेशभाई बशीत चहा ओतत होता. मी पिशवी उचलली. "उठा. मी मागे बसते."

तो स्कूटरवर बसला तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. फ्लायओव्हर ओलांडून भाईंदर पश्चिमेला आलो तर याला ढोकळा आठवला. मग पेट्रोल. मग साडूचा फोन, तो स्कूटर बाजूला लावून, हसून हसून. मी फुटपाथवर उभी. तुम्हाला जायचं असेल तर सरळ बसने जा. स्टेशनच्या बाहेरून उत्तनची बस मिळते, मुर्धा वाटेतच आहे. सुट्टे पैसे ठेवा, कंडक्टरला आधी सांगून ठेवा. ढोकळा घरून खाऊन निघा.

रस्ता मात्र बघण्यासारखा आहे. बिल्डिंगी संपतात आणि एकदम मोकळं होतं. जुनी मिठागरं, त्यात बगळे, मध्येच कुणीतरी पत्रे ठोकून अडवलेली जागा. खाडीचा वास येतो. हितेशभाईने नाकाला रुमाल लावला. सूर्य बुडत होता, लाल वगैरे. मी घड्याळ बघत होते.

पोचलो तेव्हा काकींच्या तुळशीपुढे दिवा लागलेला होता. सून पिशवी घेऊन बाहेर आली, तर काकींनी तिला उंबऱ्यातच अडवलं.

"दिवा लागला. आता काले मनी घरातून भायेर न्हाय जात."

हितेशभाई हसला. "काकी, आजकल ये सब कौन मानता है?"

"मी मानतंय. तुला कवा बोलावलंवता? सोमवारी. भर दुपारी. तवा दिवा लागला होता क?"

"ताई, तुम समझाओ ना इनको."

समजावलं. टेम्पो सांगितला, मशीनवाला सांगितला, शेठचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. आमच्याकडे रत्नागिरीतही तिन्हीसांजेला मीठ कुणाला देत नाहीत, पण नोकरीपुढे आई डोळेझाक करायची. काकींनी सगळं ऐकून घेतलं. सुनेचं तोंड उतरलं.

"काम गेला तं गेला, बाय. कोनाच्या तरी गल्यात मंगलसूत्र म्हनून जायाचं हाय ते."

हितेशभाईने स्कूटर वळवली. "मैं सुबह आता हूँ ना, एकदम जल्दी."

"तुम्ही नका येऊ," मी म्हटलं, आणि घरी फोन केला. आमचे हे म्हणाले, "मुर्ध्यात काय आहे राहायला?" म्हटलं, मणी.

मुर्ध्यात लॉज वगैरे मला दिसलं नाही. काकींकडे तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण मिळालं. तिखट, झकास, खोटं कशाला बोलू. भाकरी वाढताना एकदा पिशवीकडे बघितलं सुनेने. डास आहेत, अंगभर ओढणी घ्या.

उजाडल्यावर काकींनी अंगण झाडलं, सडा घातला, मला हळदीकुंकू लावलं आणि स्वतःच्या हाताने पिशवी दिली. "जा आता पलत." बसची वाट न बघता रिक्षा केली. बसपेक्षा कितीतरी महाग, पण सकाळी रस्ता मोकळा असतो.

गाळ्यावर ड्रायव्हर टेम्पोला दोरी बांधत होता. सोडायला लावली. शिव्या घातल्या त्याने, मीही घातल्या. पिशवी आत गेली. शेठने सरी हातात घेऊन बघितल्या आणि काकींसाठी पुढचे मणी मोजायला सांगितलं. हितेशभाई ऊन वर आल्यावर उगवला. "बोला था ना, हो जाएगा!"

घरी येऊन आंघोळ केली, चहा घेतला. काकींच्या जागी मी असते तर पिशवी अंधारात, दारातूनच हातात कोंबली असती आणि दिवा नंतर बघितला असता. काम त्यांचं होतं, माझं नव्हतं, तरी रात्रभर जागी मीच होते. त्या घोरत होत्या.