पानात बांधलेली मासळी

पनवेलच्या मासळी बाजारात ती कोळीण कोपऱ्यात बसायची. शेजारणी प्लास्टिकच्या पिशव्यांतून मासळी देऊ लागल्या, तरी ही देत नसे. "डबा आना, नायतर पानात बांधते," असं मान वर न करता सांगायची. "खाडीत जाल्यात म्हावऱ्याआधी पिशव्याच येतात." गिऱ्हाइकं पुढे सरकत.

मी नेहमी डबा न्यायचो. एकदा मात्र ऑफिसातून परस्पर गेलो आणि तिच्या शेजारणीकडून पिशवीत बोंबील घेतले. कोपऱ्यातून तिनं पाहिलं.

पुढच्या रविवारी डबा घेऊन गेलो, तर तिच्या टोपलीजवळ पिशव्यांचा गठ्ठा होता.

"हे काय, मावशी?"

"तुमी पन तिकडंच गेलात ना?"

माझा डबा भरून ती मागच्या बाईसाठी पिशवी उघडू लागली. तिच्या ओल्या बोटांना पिशवीचं तोंड सापडत नव्हतं.