उजवी बाजू दबते

टेलरकाकांच्या घराचे तीन जिने चढता चढता त्याने टेलरकाकांना, त्यांना होम थिएटर भेट देणाऱ्या त्यांच्या मुलाला आणि ज्या कुणी स्पीकर नावाची वस्तू शोधून काढली त्या महाभागाला मनातल्या मनात यथेच्छ शिव्या घातल्या. महिन्याभरातली ही तिसरी खेप! खांद्याला हत्यारांची पिशवी, हातात घडीचं स्टूल आणि गुडघे तर सकाळपासूनच कुरकुरत होते. बरं, तक्रार तरी काही नवीन? छे. तीच ती. "उजवी बाजू दबते."

आता तुम्ही म्हणाल, दबते तर दाबायचं बटण, वाढवायची उजवी बाजू आणि व्हायचं मोकळं. पण तसं केलं तर मग आपण लावलेला आवाज चुकला असं कबूल केल्यासारखंच झालं. आणि त्याचा आवाज चुकणं शक्यच नव्हतं. दुकानात त्याला उगाच का कानसेन म्हणत?

अठ्ठावीस वर्षं तो त्या दुकानातर्फे घरोघरी स्पीकर बसवत होता. समोर दोन, मध्ये एक, सोफ्याच्या मागे दोन आणि कोपऱ्यात बासचं धूड. वायर पट्टीतून ओढायची, ब्रॅकेट ठोकायचे, ही कामं काय, कुणीही करेल. त्याची खरी करामत पुढे सुरू व्हायची. खोलीच्या मधोमध उभं राहून तो एकच टाळी वाजवायचा आणि डोळे मिटून सांगायचा, "त्या भिंतीवर आवाज आपटतोय, मागचे दोन जरा आत वळवूया." घरातली मंडळी तोंडात बोट घालायची. मग तो सोफ्यावर बसून एकेका स्पीकरमधून 'शूऽऽ' असा आवाज सोडायचा आणि पाचही सारखे ऐकू येईपर्यंत रिमोटवर कमीजास्त करत राहायचा. खरं तर या कामासाठी डब्यातच एक चिमुकला माइक येतो. तो सोफ्यावर कानाच्या उंचीला ठेवला की मशीन आपलं आपण सगळं लावून घेतं. त्याने त्या माइकची पिशवी एकदाही फोडली नव्हती. "मशीनला काय डोंबल कळतंय?" म्हणायचा.

पण दोन वर्षांपूर्वी त्याला मोठी सर्दी झाली आणि दोन्ही कानांना दडे बसले. सर्दी गेली. उजवा कान मोकळा झाला, डावा नाही. आज जाईल, उद्या जाईल करत त्याने कुणालाच सांगितलं नाही, बायकोलासुद्धा. ती डावीकडून काही बोलली आणि याने ओ दिली नाही की ती वैतागायची, "मी काय भिंतीशी बोलतेय का?" त्याला भांडण चालायचं, पण कबुली नको होती. कारण दुकानात कळलं तर संपलंच की सगळं. कान गेलेल्या कानसेनाला कोण कशाला पोसेल? बावन्नाव्या वर्षी काउंटरमागे बसून रिमोटचे सेल विकायचे की काय? आपला कान ठीक आहे, असं तो स्वतःलाच रोज बजावायचा. आणि माणसाने स्वतःला रोज बजावलं की त्याला ते पटतंही हो!

म्हणून टेलरकाकांच्या पहिल्या तक्रारीला त्याने खिडकीला दोष दिला. "काका, उजवीकडे तो जाड पडदा आहे ना, तो आवाज खातोय." काकूंनी बिचाऱ्यांनी पडदा उतरवला. फरक शून्य. दुसऱ्या खेपेला तो इकडचं तिकडचं बोलून शेवटी म्हणाला, "राग मानू नका काका, पण वयोमानाने होतं असं. तुमचा उजवा कान एकदा दाखवून घ्या."

आज दार काकूंनी उघडलं. खिडकी अजून उघडीबोडकीच होती आणि दुपारचं ऊन थेट टीव्हीच्या तोंडावर येत होतं. काकांनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि एक कागद समोर धरला.

"हे बघा. कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. दोन तास रांगेत बसलो तुमच्यापायी. दोन्ही कान अगदी सारखे, म्हणाल्या. वयाच्या मानाने झकास."

कागदावर दोन कानांच्या दोन रेघा होत्या, एकमेकींना चिकटून चाललेल्या. तो उठला आणि डाव्या-उजव्या स्पीकरची अदलाबदल करायला लागला. स्पीकर बिघडला असेल तर दोष त्याच्याबरोबर दुसऱ्या बाजूला जाईल, हा साधा हिशोब. घाम पुसत त्याने दोन्ही जोड्या बदलल्या आणि आवाज सोडला. काका म्हणाले, "अजून उजवीच दबतेय." वायरी बदलल्या. उजवीच. म्हणजे स्पीकर चांगले आणि वायरीही चांगल्या.

"मला तर दोन्हीकडून सारखंच ऐकू येतंय," तो जरा चढ्या आवाजात म्हणाला.

काकांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. चाळीस वर्षं त्यांनी कोट शिवले होते. माणसाचं माप त्यांना टेप न लावता कळायचं.

"एक सांगू? कोट एका खांद्यावर उतरता दिसला की आम्ही गिऱ्हाइकाला पाठमोरं उभं करायचो. मग कळायचं, कोट वाकडा आहे, आरसा वाकडा आहे की मुळात खांदाच वाकडा आहे. तुम्ही जरा उलटे बसून बघता?"

"म्हणजे?"

"टीव्हीकडे पाठ करून. बसा तर खरं."

हा काय पोरखेळ, असं म्हणत तो सोफ्यावर गुडघे टेकून उलटा बसला, सोफ्याच्या पाठीला छाती लावून. काकांनी आवाज सोडला. आधी भिंतीकडचा, म्हणजे टीव्हीच्या डावीकडचा, स्पीकर वाजला, एवढ्या जोरात की तो दचकला. मग खिडकीकडचा. तो कुठूनतरी लांबून, दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा. पुन्हा भिंत, पुन्हा खिडकी. त्याने मान वळवून टीव्हीकडे तोंड केलं. दोन्ही सारखे झाले. पुन्हा पाठ केली. खिडकी पुन्हा मेली.

खोली तीच होती, स्पीकर तेच होते. फिरला होता तो फक्त, आणि त्याचा डावा कान आता खिडकीकडे होता.

"आता तुम्ही बसा, काका," तो कसाबसा म्हणाला. काका उलटे बसले. त्यांना तशीही खिडकीच दबलेली ऐकू आली आणि सरळ बसल्यावरही खिडकीच. मग शंकेला जागाच कुठे राहिली? डावा कान कमी ऐकतो म्हणून दोन वर्षं तो डाव्या स्पीकरांचा आवाज चढवत आला होता, स्वतःला सारखं वाटेपर्यंत. आणि ज्यांना ते खटकलं त्यांना सांगत आला होता की दोष तुमच्या पडद्यात आहे, तुमच्या भिंतीत आहे, तुमच्या कानात आहे. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"चहा टाकते," म्हणून काकू आत गेल्या. बाई शहाणी, ओळखलं तिने.

त्याने माइकची पिशवी दातांनी फोडली. माइक स्टुलावर कानाच्या उंचीला ठेवला. मशीनने पाच मिनिटं शूऽऽ शूऽऽ केलं आणि आकडे दाखवले. डावी बाजू तब्बल साडेचार डेसिबलने खाली आणली होती. काकांनी एक जुना सिनेमा लावला आणि त्यांचा चेहरा खुलला. "अरे वा! आता कसं चारी बाजूंनी येतंय! बरोबर आहे ना आता?"

त्याला डावीकडून जवळजवळ काहीच येत नव्हतं. सगळा सिनेमा खिडकीकडून चालला होता.

"बरोबर आहे," तो म्हणाला. म्हणताना त्याच्या मनात आलं, यापुढे आपल्याला जे चुकीचं वाटेल तेच बरोबर असणार.

काकांनी निघताना कानाच्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता त्याच्या खिशात घातला. दुसऱ्या जिन्यावर तो थांबला. आता लपवायचा कंटाळा आला होता. त्याने धाकट्या शेठना फोन लावला. मोठे शेठ गेल्यापासून दुकान त्यांचा हा मुलगाच बघायचा.

"शेठ, दोन वर्षांतली माझी सगळी घरं पुन्हा लावावी लागतील. चुकीची लागलीत. माझा डावा कान गेलाय."

पलीकडे शेठ चक्क हसले. "हात्तिच्या! एवढंच ना? मला वाटलं, शिडीवरून पडलात की काय! अहो काका, माइक असतो ना डब्यात? तो लावत जा. कानाचं काय घेऊन बसलात? भिंतीला भोक सरळ पाडता येतं ना? मग झालं तर. आणि जुनी घरं कशाला उकरून काढता? राहू द्या."

फोन बंद झाला. नोकरी वाचली होती. जिच्यासाठी दोन वर्षं जीव टांगणीला लागला होता, ती एका मिनिटात हसत हसत वाचली. त्याला आनंद व्हायला हवा होता. तो जिन्याच्या पायरीवर बसला आणि, खोटं कशाला सांगू, त्याला रडू आलं. कान असला काय नि नसला काय, दुकानाला काही फरकच पडत नव्हता.

थोड्या वेळाने त्याने डोळे पुसले आणि फोनमध्ये एक नंबर शोधला. सहा महिन्यांपूर्वी एका बाईंनी हीच तक्रार केली होती. तेव्हा यानेच त्यांना कान तपासायला सांगितलं होतं.

"ताई, स्पीकरवाला बोलतोय. उद्या सकाळी येऊन जातो. नाही, पैसे नकोत. तुमचा कान चांगला आहे, ताई. माझा गेलाय."